लाल टिक नसलेली चिठ्ठी

आमच्या घरात मार हा जेवणासारखा होता. कधी कमी, कधी जास्त, पण उपाशी कोणी राहिलं नाही. बाबा दादाला मारत, दादा मला मारे, आणि माझ्या खाली कोणीच नसल्यामुळे मी जीभ चालवत असे. बाबा मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत राहायचे. दादा आणि मी शिकायला अमरावतीत, बसस्टँडमागच्या गल्लीत दोन खोल्यांच्या घरात. आम्हाला रांधून घालायला आत्या होती, बाबांची विधवा बहीण. पहाटे तिचा पाट्यावर वरवंटा सुरू व्हायचा, हिरव्या मिरचीचा ठेचा वाटला जायचा, आणि त्या खकाण्यानं आम्ही दोघं भावंडं खोकतच जागी व्हायचो. ज्वारीची भाकर, ठेचा, अंबाडीची भाजी, आणि बाबा येऊन गेले असतील तर कोपऱ्यात संत्र्यांचं पोतं. त्या घरात बैल नव्हता, तरी दाराआडच्या खिळ्याला बैलाचा कासरा टांगलेला असे. बाबांनी तो मोर्शीहून मुद्दाम आणून ठेवला होता, दरवेळी वाहून आणायला नको म्हणून.

बाबा कळवून कधी आले नाहीत. त्यांच्या जोड्यांना खाली नाल ठोकलेली होती आणि गल्लीत फरशी होती, त्यामुळे ते वळणावर आले की खट्‌खट् आवाज यायचा. तो आवाज आला की माझा दादा, बावीस वर्षांचा, पिळदार मिशीचा, कॉलेजच्या कबड्डी संघाचा कप्तान, हातातला घास ताटात टाकून आत्याच्या लोखंडी पलंगाखाली शिरायचा. मग आत्या गोधडी खालपर्यंत सोडून पलंगावर मांडी घालून बसायची आणि सुपात तूर पाखडायला घ्यायची. "सुऱ्या कुठी गेला?" बाबा विचारायचे. "गेला असन कॉलेजात, मले काय सांगून जाते का तो?" आत्या सूप न थांबवता म्हणायची. कधी हे निभायचं. कधी बाबा कासऱ्याच्या टोकानं गोधडी वर करायचे आणि मग मी अंगणात जाऊन कानात बोटं घालायची. आज वाटतं, कीव यायला हवी होती. पण मला हसू यायचं, कारण पलंगाखालून निघालेला दादा संध्याकाळपर्यंत काही ना काही कारण काढून माझ्यावर हात टाकायचाच.

कॉलेजात मात्र सुरेशभाऊ म्हणजे सुरेशभाऊ. विद्यार्थी मंडळाचा सचिव, मागेपुढे पाच-सहा पोट्टे, गेटवर उभा राहिला की नवी मुलं रस्ता बदलून जात. स्नेहसंमेलन त्याच्याच हाती असे. मंडप, कनात, लाउडस्पीकर, पाहुण्यांसाठी आलुबोंडे, सगळं त्याच्या शब्दावर. त्या दिवसाचा खरा जीव म्हणजे फिशपाँड. जुने लोक त्याला शेलापागोटे म्हणत. ज्याला कोणाला कोणाची फिरकी घ्यायची असेल त्यानं आपलं नाव न घालता दोन ओळी चिठ्ठीवर लिहायच्या आणि आठवडाभर आधी वाचनालयासमोरच्या डब्यात टाकायच्या. आमचे मराठीचे सर सगळ्या चिठ्ठ्या वाचून, वात्रट त्या फाडून, उरलेल्यांवर लाल शाईनं टिक करायचे. मग तो डबा मंचावर जायचा आणि सूत्रसंचालक एकेक चिठ्ठी काढून वाचायचा. बहुतेक चिठ्ठ्या मुलींवरच असत; कोणाची वेणी, कोणाचा रंग, कोणाचं नाक. आम्ही माना खाली घालून हसायचं, आणि हसलं नाही तर घमेंडी ठरायचं.

त्या वर्षी सूत्रसंचालक मधुकर होता, माझ्याच वर्गातला. वडील अंजनगाव सुर्जीला पोस्टमन, घर बौद्ध, आणि आवाज असा की त्यानं हजेरी घेतली तरी ऐकत बसावं. त्यानं एक एकांकिका लिहिली होती आणि तीत मला सासूचं काम दिलं होतं. संमेलनाच्या दोन दिवस आधी वाचनालयाच्या ओट्यावर मी त्याला माझे संवाद म्हणून दाखवत होते, ते दादाच्या एका पोट्ट्यानं पाहिलं. घरी दादानं पायातली चप्पल काढली. मी भाकरीचं पीठ मळत होते, हात परातीत अडकलेले, त्यामुळे तोंडही झाकता आलं नाही. "त्याच्यासंगं काहून बोलून राह्यली होती? दुसरं कोनी नवतं?" एवढंच तो पुन्हापुन्हा विचारत होता. 'त्याच्या' या शब्दावर तो कसा जोर देत होता ते मला कळत होतं, न कळायला मी काही कुकुलं बाळ नव्हते. ओठ फुटला, नाटक सुटलं. आत्यानं हळद लावली आणि म्हणाली, "मोठा भाऊ हाये, माय. चालतेच असं."

चालते! दुसऱ्या दिवशी वहीचा कागद फाडून मी दोन ओळी लिहिल्या, डाव्या हातानं, अक्षर ओळखू येऊ नये म्हणून.

'कॉलेजात पाहा थाट भाऊचा, चाल जशी पैलवानाची,
मोर्शीची एसटी आली का जागा शोधते पलंगाखालची!'

वर सुरेशभाऊचं नाव. डब्यात टाकली असती तर सरांनी ती फाडली असती, सचिवावरची चिठ्ठी ठेवण्याची त्यांची छाती नव्हती. म्हणून संमेलनाच्या दिवशी मंचापुढं रांगोळी काढायच्या निमित्तानं मी लवकर गेले आणि टेबलावरच्या डब्यात, टिका झालेल्या चिठ्ठ्यांमध्ये, माझी बिनटिकेची चिठ्ठी सरकवली. ती वाचणार मधुकर, हे मला माहीत होतं. पण पत्रात वाईट बातमी आली म्हणून कोणी पोस्टमनला मारत नाही, असा माझा हिशेब. आमच्या घरात वाढलेल्या मुलीनं इतका भोळा हिशेब करावा, याचा मला अजून राग येतो.

दिवस तसा नेहमीसारखाच सुरू झाला. अकोल्याहून आलेले प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आले आणि वेळेचं महत्त्व या विषयावर पाऊण तास बोलले. मग पुष्परचना, पाककला, गीतगायन. एका मुलीनं दुधीभोपळ्याचा मोर केला होता, त्याला पहिलं बक्षीस मिळालं आणि परीक्षकांनी तो तिथंच खाऊन टाकला. दुपारी गिला वडा होता, वरून दही आणि लाल चटणी, ती माझ्या फुटक्या ओठाला झोंबत होती. माझ्याविना एकांकिका झाली. माझं सासूचं काम एका मुलानं साडी नेसून केलं आणि लोक माझ्यावर हसले असते त्यापेक्षा जास्त हसले. मी मुलींच्या बाजूला चौथ्या रांगेत बसून होते आणि माझं सगळं लक्ष त्या डब्याकडे होतं.

फिशपाँड सुरू झाले. मधुकर एकेक चिठ्ठी काढून सावकाश वाचत होता, मध्ये नेमका थांबत होता, मंडप डोलत होता. पंधरा-वीस चिठ्ठ्यांनंतर त्यानं एक काढली, उलगडली, क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग मान वर करून वाचली. पहिल्या ओळीला दादाच्या पोट्ट्यांनी शिट्ट्या मारल्या, सुरेशभाऊची तारीफ आहे असं समजून. दुसऱ्या ओळीला मंडप फुटला. आमच्या गल्लीतली दोन-तीन मुलं होती, त्यांना तर सगळंच उमगलं. ती खुर्चीवर उभी राहून खट्‌खट् खट्‌खट् असे पाय आपटायला लागली. बाबांच्या जोड्यांचा आवाज! दादा पहिल्या रांगेत छातीला बिल्ला लावून बसला होता. आधी तो सगळ्यांसोबत हसला. मग हसणं थांबवून त्यानं मागं वळून पाहिलं, मंचाकडे नाही, मुलींच्या रांगांकडे. त्याची नजर फिरत फिरत माझ्यावर आली आणि माझ्या ओठाशी थांबली. त्याला कळलं, हे मला तेव्हाच कळलं. पण त्याला जे कळलं ते अर्धंच होतं. बहीण असं काही स्वतः लिहू शकते, हे त्याच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. त्याच्या लेखी एवढाच अर्थ निघत होता की घरातली गोष्ट मी मधुकरला सांगितली, म्हणजे आमचं तेवढं बोलणं आहे.

तो उडी मारून मंचावर चढला. चिठ्ठी हिसकून त्यानं उलटसुलट पाहिली आणि सरांपुढं नाचवली. "सर, याच्यावर तुमची लाल टिक हाये का?" सरांनी चष्मा पुसला आणि नाही म्हटलं. खरं तेच बोलले ते, आणि बोलून मंचाच्या मागच्या बाजूनं उतरून गेले.

पहिला ठोसा तोंडावर बसला. माईक स्टँडवरून निसटून खाली पडला, घरंगळत मंचाच्या कडेवरून पायऱ्यांवर येऊन थांबला, आणि तो चालूच होता. स्पीकरवाला पोरगा मशीन तसंच सोडून पळाला होता. त्यामुळे पुढचं सगळं कॉलेजच्या चारी कोपऱ्यांतल्या कर्ण्यांतून ऐकू आलं. ठोशाचा आवाज एवढा मोठा करून मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. लाकडी फळ्यांवर माणूस पडतो त्याचा आवाज. "कोनं सांगतलं तुले? घरातलं तुले कोनं सांगतलं?" आणि मधुकरचा तोच सुरेल आवाज, आता तोंडात रक्त भरलेला, "डब्यात होती. मी वाचली." दादाचे पोट्टे वर चढले. मला वाटलं धरायला चढले. दुसऱ्या कोणाला दादा मारत असता तर त्यांनी धरलंच असतं, असं मी दहा वेळा पाहिलं होतं. मधुकरला मारायला त्यांनी हातभार लावला. एकानं जातीवरून शिवी दिली, ती मी इथं लिहीत नाही. कर्ण्यांतून ती सगळ्यांनी ऐकली, प्राध्यापकांनीही, आणि कोणी खुर्चीवरून उठलं नाही. लोखंडी खुर्ची पाठीवर, बूट पोटात. "नाव सांग!" "डब्यात होती." "नाव सांग!" "मी वाचली."

मी उठले होते. रांगोळी तुडवत पायऱ्यांपर्यंत गेले होते. पाच पायऱ्या होत्या, मी तिसरीवर थांबले. माईक माझ्या पावलांपाशी, वाकले की हातात. सांगायचे शब्द दोनच होते. आणि मी हिशेब करत होते. सांगितलं तर शिक्षण बंद. सांगितलं तर कासरा. सांगितलं तर हा मला इथंच मारेल, सगळ्यांसमोर, साडी सुटेल. दादानं स्टँडचा लोखंडी दांडा उचलला. मी तिसऱ्या पायरीवर उभी होते तेव्हा तो मधुकरच्या डाव्या कानावर बसला. कर्ण्यांतून आला तो आवाज वेगळा होता, ओला. कानातून रक्त येऊन कॉलरवर पसरायला लागलं. दांडा पुन्हा वर गेला, आणि मग मी वाकून माईक उचलला.

"मी लिहिलं," मी म्हटलं. "दादा, ते मी लिहिलं. माह्या हातानं."

आख्ख्या आवारात माझाच आवाज घुमला. दांडा वरच्या वर राहिला. दादा माझ्याकडे असं पाहत होता, जणू भिंत बोलली. मग त्यानं दांडा टाकला, खाली आला आणि माझी वेणी मनगटाला गुंडाळली. मंडपातून गेटपर्यंत, गेटपासून घरापर्यंत मी तशीच गेले, अर्धी चालत, अर्धी फरफटत. रस्त्यात ओळखीचे दुकानदार होते. त्यांनी पाहिलं, आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळले.

बाबांना मोर्शीत निरोप गेला आणि दिवेलागणीला खट्‌खट् वाजलं. मला वाटलं, आज दादाची खैर नाही, परक्या पोराचं डोकं फोडून आला आहे. बाबांनी सगळं ऐकून घेतलं, कासरा खिळ्यावरून काढला आणि माझ्याकडे वळले. "घरातलं बाहीर नेलं तू? बापाच्या घराची शोभा केली?" मधुकरचं नावही त्यांनी काढलं नाही. पहिल्या फटक्याला मी भिंतीला लागले, दुसऱ्याला खाली बसले, तिसऱ्याच्या आधी माझं अंग आपोआप घसरत पलंगाखाली गेलं. तिथं ट्रंकेच्या मागं एका माणसापुरती जागा होती, फरशी घासून गुळगुळीत झालेली. दादाच्या अंगानं गुळगुळीत झालेली. वर आत्या बसल्याचं करकरलं आणि गोधडी खाली आली. "आता मले मार," ती बाबांना म्हणाली. तूर पाखडायचं नाटक तिनं त्या दिवशी केलं नाही. गोधडीच्या फटीतून मला दादाचे पाय दिसत होते. चपलेच्या पट्ट्यावर मधुकरचं रक्त वाळलं होतं, आणि ते पाय थरथरत होते. इतक्या वर्षांत मी दादाला पहिल्यांदाच तिथून पाहत होते जिथून तो आम्हा सगळ्यांना पाहायचा. वाईट वाटलं. क्षमा केली नाही, आजही नाही.

मधुकर तीन आठवडे सरकारी दवाखान्यात होता. जबडा जुळला, डावा कान गेला तो गेला. त्याच्या वडिलांनी पोलिसांत तक्रार दिली, पण मंडपातल्या हजार माणसांपैकी कोणी काही पाहिलं नव्हतं, आणि मला मोर्शीला नेऊन कोंडलं होतं. प्रकरण पोरांची आपसातली भांडणं म्हणून मिटवलं गेलं. आत्यानं पुढं बाबांपुढं पदर पसरून मला परीक्षेला बसवलं. लग्न होऊन मी अकोल्याला आले, शाळेत लागले, मुख्याध्यापिका होऊन निवृत्त झाले. दादा बाग सांभाळतो. त्याचा उजवा हात हल्ली कापतो, चहा बशीत सांडतो.

हे सगळं आता लिहायला बसले त्याचं कारण मागच्या महिन्यात फोनवर आलेलं एक आमंत्रण. त्याच कॉलेजच्या संमेलनाला प्रमुख पाहुणी म्हणून या, आपण तरुणपणी दाखवलेल्या धैर्याची गोष्ट मुलांना ऐकू द्या. कॉलेजात म्हणे अजून सांगतात की एका मुलीनं माईक हाती घेतला आणि मारामारी थांबवली. मी चार दिवस तो मेसेज उघडत आणि मिटत राहिले. पाचव्या दिवशी मोर्णा नदीचा पूल ओलांडून जुन्या शहरात गेले. मधुकर पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन तिथं राहतो हे मला ठाऊक होतं. किती वर्षांपासून, ते विचारू नका. माझ्या घरापासून तो पूल पायी पंधरा मिनिटांवर आहे.

त्यानं दार उघडलं, ओळखलं, आणि खुर्ची स्वतःच्या उजव्या बाजूला ओढून ठेवली. "इकून बसा, ताई. त्या बाजूनं आयकू येत नाई." आवाज तसाच होता. त्याच्या बायकोनं आलुबोंडे ठेवले. मी आमंत्रणाचं सांगितलं, मग म्हटलं, त्या दिवशी मी जे बोलले...

"ते मी आयकलंच नाई," तो म्हणाला. "दवाखान्यात लोकाईनं सांगतलं. माह्या डोक्यात निस्ती शिट्टी वाजून राह्यली होती."

सगळ्या कॉलेजनं ऐकलं होतं. बाहेरच्या रस्त्यावरच्या लोकांनी ऐकलं होतं. मी विचारलं, चिठ्ठीवर टिक नाही हे दिसलं नव्हतं का?

"दिसलं ना. वाचाच्या आंधीच दिसलं." तो हसला, जबड्याची एक बाजू मागं राहिली. "पन लिवलेली ओय चांगली होती. तशी ओय त्या डब्यात दुसरी नवती."

मग मी सांगितलं, जे मी नवऱ्याला, मुलांना, कोणालाही कधी सांगितलं नव्हतं. की मी आधीच आले होते. पायरीवर थांबले होते. माईक पायाशी होता आणि कानावरचा घाव मी उभ्याउभ्या पाहिला.

त्यानं हातातला आलुबोंडा बशीत ठेवला. "मले ठाऊक हाये," तो म्हणाला. "मी खाली पडून होतो, तवा तुमचेच पाय समोर होते. पायाले रांगोई लागेल होती. कान गेलता, ताई. डोये नवते गेले."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुमी आल्या कवा?"

रडू आलं नाही, रडायचा हक्क तिथं माझा नव्हता. निघताना विचारलं, आमंत्रणाचं काय करू? तो दारापर्यंत आला.

"जा ना. काहून नाई जाचं? पन माईकपासून सांगू नका. पायरीपासून सांगा."

मी हो म्हटलं, त्याच्या उजव्या कानाकडे तोंड करून.